आपलं पोर हवं, तर दुसऱ्याचं उचला

"अगं मीनल, डोळे का गं लाल? रात्री भांडलात की काय?"

"छे हो काकू, भांडायला हे जागे कुठे असतात! पुस्तक वाचत होते. 'द चेन' म्हणून आहे, २०१९ची कादंबरी. खाली ठेववेना मेलं."

"प्रेमप्रकरण?"

"अपहरण! अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला एक बाई असते, रेचल. नवऱ्यापासून वेगळी झालेली, त्यात कॅन्सरमधून उठलेली. तिची तेरा वर्षांची पोर स्टॉपवर शाळेच्या बसची वाट बघत असते, तिथून उचलतात."

"आणि पैसे मागतात."

"मागतात, तेही बिटकॉइनमध्ये. पण नुसत्या पैशांनी भागत नाही. फोनवरची बाई सांगते, माझा मुलगा पळवलाय, तो सुटावा म्हणून मी तुझी पळवली. आता तू तिसऱ्याचं मूल पळव. त्याच्या आईबापांनी चौथं पळवलं, की तुझी सुटेल. पोलिसांकडे गेलीस तर मुलगी मेली."

"अगंबाई, हे संतोषी मातेच्या पोस्टकार्डासारखं झालं! इतकी पत्रं लिहा, नाहीतर वाईट होईल. आमच्या सासूबाई घाबरून लिहीत बसायच्या."

"लेखकाला असल्या पत्रांवरूनच तर सुचलं! एड्रियन मकिन्टी त्याचं नाव, बेलफास्टकडचा. शिवाय मेक्सिकोत म्हणे पळवलेल्या माणसाच्या बदली घरातलं दुसरं कुणी ओलीस राहायला जातं, तेही त्याच्या डोक्यात होतं. बिचाऱ्याची आधीची पुस्तकं नावाजली, पण पैसा नाही. मेलबर्नला घर खाली करावं लागलं, उबर चालवायचा. शेवटी डॉन विन्स्लो नावाच्या लेखकानं आपल्या एजंटकडे शब्द टाकला."

"बरं, ते राहू दे. मग ती उचलते का दुसऱ्याचं?"

"उचलते ना! फेसबुकवर घरं धुंडाळते. पैसेवाले कोण, पोर कुठल्या क्लासला जातं, कधी सुटतं, सगळं आईबापांनीच टाकलेलं. बरोबर पूर्वीचा दीर, लष्करातून आलेला आणि नशेच्या नादी लागलेला. शेवटी हाती लागते एक छोटी मुलगी, आणि तिला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी! खाण्यातून जरासा पोटात जातो आणि पोरीला श्वास घेता येईना. दवाखान्यात न्यावं तर आपली मुलगी गेली, न न्यावं तर ही. पान उलटायला भीती वाटत होती हो."

"नालायक बाई! दुसऱ्याचं लेकरू ते."

"मलाही तसंच वाटायला हवं होतं. पण ही लवकर उचल गं, उशीर होतोय, असं मीच तिला मनात म्हणत होते. दुसरा अर्धा भाग मात्र हिंदी सिनेमा झालाय. साखळीच्या मुळाशी कोण ते कळल्यावर मजा गेली."

"शेवट सांगू नकोस, मी वाचणारे."

"वाचा. आणि काकू, राग मानू नका, पण सूनबाईंना सांगा. काल चिंटूचा फोटो टाकलाय, बॅजवरचं शाळेचं नाव स्वच्छ वाचता येतंय. वर 'आजपासून रिक्षा नाही, एकटा जाणार माझा राजा'."

"मी सांगितलं तर म्हणेल, सासू मोबाईलमध्ये डोकावते. तूच बोल."

"मी कशाला तुमच्या घरात आग लावू?"

"एरवी लावतेसच की! पण मीनल, माझ्यावर अशी पाळी आली ना, तर कुणाचं उचलायचं ते ठरलंय. वरच्या मजल्यावरचं ते कार्टं, रात्री बारापर्यंत बॉल आपटतं."

"काकू!"

"त्याचे आईबाप सोडवायला यायचे नाहीत, ती पंचाईत."