२४ बिट आणि तीन शिट्ट्या

मेहुण्याने भेट दिलेला हाय-रेझ प्लेअर खिशात मावतो, त्याचा रुबाब मात्र घरात मावत नाही. सीडी १९८२ साली बाजारात आली तेव्हापासून तिचा हिशेब ठरलेला आहे: १६ बिट आणि सेकंदाला ४४,१०० नमुने. आमचे हे पाहुणे २४ बिट आणि १,९२,००० नमुन्यांपर्यंत जातात. एवढ्या खानदानी असामीला इयरफोनच्या दोन बोंडांत कोंबणं बरं दिसेना, म्हणून दिवाणखान्यातल्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरशी त्यांची सोयरीक जुळवायचं ठरलं.

सोयरिकीला लागणारी वायर तापकीर गल्लीत मिळते. एका टोकाला साडेतीन मिलिमीटरची पिन, दुसऱ्या टोकाला लाल आणि पांढरी अशा दोन. लाल उजवीची, पांढरी डावीची. दुकानदाराने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “टीव्हीला लावायचीय ना काका?” मी ‘हाय-रेझ’ म्हणालो. “मग ही न्या,” म्हणत त्याने तशीच वायर, पण सोनेरी पिनांची, दुप्पट भावात पुढे केली.

अ‍ॅम्प्लिफायरची पाठ घरात कुणी सहसा पाहत नाही. तिथे धूळ, एक मेलेलं झुरळ आणि भोकांच्या जोड्या असतात: ट्यूनर, टेप, सीडी, ऑक्स, फोनो. फोनो ही यातली सगळ्यांत लबाड जागा. फोनसारखं दिसणारं काहीही इथेच लावायचं, असं त्या नावावरून कुणालाही वाटेल. पण ती रेकॉर्डच्या सुईसाठी राखलेली. सुईतून जेमतेम काही मिलिव्होल्ट येतात, म्हणून तिथे आवाज कैक पटींनी वाढवतात, शिवाय खर्ज फुगवून वरचे सूर दाबतात. त्यात प्लेअरचा व्होल्ट-दोन व्होल्टचा आवाज सोडला, तर गायकाआधी शेजारी आळवायला लागतील. ऑक्स मात्र सज्जन. येईल त्याला ठेवून घेते. प्लेअर ‘लाइन-आउट’वर ठेवायचा, म्हणजे आवाज फक्त अ‍ॅम्प्लिफायरच्या गोल बटणावर कमीजास्त होतो. एका आवाजाचा कारभार दोघांच्या हाती गेला की काय होतं, ते विवाहितांना सांगायला नको. एवढं करूनही मागे ५० हर्ट्झची घरघर लागलीच, तर प्लेअरचा चार्जर काढून पाहावा. बरेचदा तोच गुणगुणत असतो.

२४ बिटांत सगळ्यांत नाजूक आणि सगळ्यांत दणदणीत आवाजांमध्ये १४४ डेसिबलचं अंतर मावतं म्हणे, निदान कागदावर. सीडीत ९६. आमच्याकडचा आलाप पंख्याच्या घरघरीखालून सुरू होतो, भंगारवाल्याला वाट देतो आणि अगदी समेवर कुकर शिट्टी मारतो.

“अहो, तिसरी झाली का?” आतून विचारणा.

मी ताना मोजत होतो, शिट्ट्या नव्हे.

राहता राहिले वरचे सूर. १,९२,००० नमुन्यांत ९६,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज बसतो. माणसाचा कान तरुणपणी फार तर २०,००० पर्यंत पोचतो, पुढे वयाबरोबर खाली उतरत येतो. वरचा सगळा ऐवज वटवाघळांसाठी. तरी पैशांचं चीज होतंय का, हे पाहायला मी १५,००० हर्ट्झचा चाचणीचा सूर लावला. काही नाही. लाल पिन काढून पुन्हा बसवली. ऑक्स तपासलं. बटण आणखी उजवीकडे फिरवलं.

आतल्या खोलीत दहावीचा अभ्यास करणारी मुलगी किंचाळली, “बाबा, बंद करा ना ते! कानात टाचणी घुसतेय!”

“काय बंद करू?” मी विचारलं.