चोर आधी, चोरी मागाहून

चोरी झाली की तपास कुठून सुरू करायचा, हा प्रश्न लंडनच्या पोलिसांना पडत असेल. धाराशिव जिल्ह्यात पडत नाही. पाणबुडी मोटर जावो, केबल जावो, शेळी जावो, टपरीवरचा चहा निवायच्या आत निकाल लागतो : "दुसरं कोन असंल? पिढीवरलेच." पिढी म्हणजे गावाबाहेरची पारधी वस्ती. ठसे, पंचनामा, साक्षीदार हा मागाहूनचा सोपस्कार.

ही सोय मूळची इंग्रजांची. 1871 साली कायदा करून त्यांनी जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. पाळण्यातल्या पोराचासुद्धा तपास पूर्ण! शेजारी सोलापुरात तर तारेच्या कुंपणातली वसाहतच होती. 31 ऑगस्ट 1952 ला सगळे 'विमुक्त' झाले. पण एकदम इतकं स्वातंत्र्य सोसायचं नाही, म्हणून 1959 मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा आणला. पुढे ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतल्या, विमुक्तांना सराईत धरणाऱ्या तरतुदी रद्द केल्या. म्हणजे तोवर त्या सुखाने नांदत होत्या. आदल्याच वर्षी आपण अख्ख्या जिल्ह्याचं नाव बदलून दाखवलं होतं, तेव्हा कागद बदलता येत नाहीत असं कुणी म्हणू नये.

गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्ये पूर्वग्रहावर जाडजूड ग्रंथ लिहिला. माणसं एकमेकांत मिसळली की पूर्वग्रह कमी होतो, असं त्याचं म्हणणं. फक्त दोघांची पायरी सारखी हवी. ही अट आम्ही वगळली आहे. मिसळणं मात्र भरपूर. द्राक्षाच्या बागेला राखण कुणाची? पारध्याचीच. ज्याच्यापासून बाग राखायची, त्याच्याच हाती बॅटरी आणि काठी. साठीच्या राखणदाराला मालकाचं दहावी नापास पोरगं "ए, इकडं ये" म्हणतं आणि तो "आलो मालक" म्हणत उठतो.

ऑलपोर्टला आणखी एक गोष्ट दिसली होती. समज खोटा पाडणारा माणूस समोर उभा राहिला, तर लोक समज मोडत नाहीत; त्या माणसापुरतं कुंपण उघडतात आणि पुन्हा लावून घेतात. याचा सराव आमच्याकडे उत्तम आहे. तुळजापूर तालुक्यात यमगरवाडीला भटक्या-विमुक्तांच्या लेकरांची निवासी शाळा आहे. ती उभी करणाऱ्या गिरीश प्रभुणेंना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आम्हीही टाळ्या वाजवल्या. तिथली पोरं पाहून आलेला पाहुणा गहिवरून सांगतो, "वाटतच नाही हो पारध्यांची आहेत!" याला आमच्याकडे कौतुक म्हणतात.

परवाचीच गोष्ट घ्या. आमच्या तात्यांची मोटर विहिरीवरून गायब झाली. टपरीने निकाल दिला, जमादारांनी तो अमलात आणला, आणि तात्यांच्याच बागेचा राखणदार ठाण्यात जाऊन बसला. तो रात्रभर बागेत जागा होता, याचा साक्षीदार कोण? खुद्द तात्या, दोनदा बॅटरी मारून त्यांनीच खात्री केली होती. पण तसं सांगावं तर टपरीचा निकाल फिरतो. तात्या गप्प.

दुसऱ्या दिवशी मोटर सापडली. जळाली म्हणून थोरल्या चिरंजीवांनीच ती कळंबला वायंडिंगला टाकली होती आणि घरी सांगायचं राहून गेलं होतं.

"या बारीला नसंल नेली," तात्या म्हणाले, "पर त्येंचा नेम न्हाई."

दिवस मावळायला आला तसे तात्या अस्वस्थ झाले. घड उतरायला आठवडाभर राहिलेला, आणि बाग उघडी. शेवटी मोटरसायकल काढून स्वतःच ठाण्यात गेले, स्वतःच्या सहीवर राखणदाराला सोडवला आणि मागे बसवून थेट बांधावर आणून सोडला. महिनाअखेरीला हिशेब झाला, तेव्हा ठाण्यातल्या रात्रीचा खाडा तेवढा धरला.