रविवारचा सरसेनापती

शनिवारी रात्री साडेदहाला ग्रुपवर मेसेज पडतो. 'रिपोर्टिंग कात्रज, पहाटे साडेपाच शार्प. टाकी फुल. हेल्मेट नाही तर राइड नाही.' पाठवणारा अर्थातच लीड. सोमवार ते शुक्रवार हा गृहस्थ हिंजवडीत साहेबापुढे मान डोलावतो आणि सोसायटीच्या मीटिंगला शेवटच्या रांगेत बसून अध्यक्षांच्या प्रत्येक ठरावाला हात वर करतो. रविवारी मात्र त्याने नुसता डावा हात उचलला की मागच्या बारा मोटरसायकली थांबतात. हे सुख ज्याला मिळालं नाही, त्याने त्याच्या जॅकेटला हसू नये.

साडेपाचला कात्रजला एकटा लीडच असतो. गुडघ्यांना गार्ड, कोपरांना गार्ड, छातीवर कॅमेरा. सहाला दोघे उगवतात. एकजण 'निघालोच' असं कळवतो; हा मेसेज पांघरुणातून आलेला असतो, हे लीडला अनुभवाने कळतं. शेवटी पावणेसातला चहाच्या टपरीपुढे ब्रीफिंग होतं. लीडच्या पुढे कुणी जायचं नाही, सर्वांत मागच्या स्वीपच्या मागे कुणी राहायचं नाही, घाटात ओव्हरटेक नाही. 'प्रश्न?' एक हात वर होतो. 'पेट्रोल कुठे भरायचं?'

लीडची हिमालयन मात्र बघण्यासारखी आहे. दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पेट्या. उजवीत रेनकोट, डावीत पुन्हा रेनकोट. मागे 'खारदुंगला, १८,३८० फूट' हे स्टिकर. नंतरच्या मोजणीत ही खिंड १७,५८२ फुटांच्या आसपासच भरली, पण तो विषय ग्रुपमध्ये काढायचा नाही, असा अलिखित नियम आहे. वर चढताना ज्याचा श्वास कोंडला, त्याला आठशे फूट परत मागणं बरं दिसत नाही.

ग्रुपमध्ये जुनी कास्ट आयर्न बुलेट बाळगणारे एक काका असतातच. त्यांची गाडी सुरू होणं हा स्वतंत्र कार्यक्रम आहे. आधी किक हलकेच दाबत अँपिअर मीटरकडे डोळे लावायचे. काटा मध्यावर आला की डाव्या हाताने डिकॉम्प्रेशनचा खटका ओढून किक जराशी पुढे सरकवायची, खटका सोडायचा, किक पुन्हा वर येऊ द्यायची आणि मग अंगाचा सगळा भार टाकायचा. जमलं तर धप् धप् धप्. चुकलं तर किक उलटी येते आणि काका पोटरी धरून खाली बसतात. शेजारी ड्यूकवरचा पोरगा अंगठ्याने बटण दाबतो. काका त्याच्याकडे करुणेने पाहतात.

मार्ग बहुधा ठरलेला असतो. खेड शिवापूर, कापूरहोळ, भाटघर, भोर, शिरवळ, वीर, नीरा, जेजुरी, सासवड आणि दिवे घाटातून खाली. पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. त्यातली पहिली तासाभराची मोहीम कापूरहोळला मिसळीपाशी संपते आणि दुसरी तिथेच सुरू होते, कारण बिल तेरा जणांत वाटायचं असतं आणि एकाने फक्त चहा घेतलेला असतो.

भाटघरला पाण्यावर अजून धुकं असतं. लीड गाडी पुढे घेतो, मागे घेतो, हँडल वळवतो, चाकाखालचा कागदाचा कपटा उचलतो. वीस मिनिटं फोटो. हे पाणी कुठलं, असं कुणी विचारलं तर 'बॅकवॉटर' एवढं उत्तर मिळतं. वेळवंडी नदीवरचं हे धरण १९२०च्या दशकात पूर्ण झालं आणि त्याला मुंबईचे गव्हर्नर लॉइड यांचं नाव मिळालं. साठा साडेतेवीस टीएमसीचा. मे महिन्यात पाणी उतरलं की एरवी बुडालेलं कांबरेश्वराचं देऊळ उघडं पडतं आणि आसपासची माणसं दर्शनाला जातात. लीड तेव्हा येत नाही. उन्हाळ्यात पाणी आटलेलं असतं आणि फोटोला मजा येत नाही, हे त्याचं म्हणणं.

भोरजवळचा नेकलेस पॉइंट तर त्याचं तीर्थक्षेत्रच. खाली नीरा नदी टेकडीला वळसा घालते आणि वर रस्त्यावर तरुणाई वळसा घालते. इथे लीडचा डावा हात निष्प्रभ ठरतो. बारापैकी नऊजण सेल्फीत हरवतात आणि स्वीप सर्वांत आधी गायब होतो.

वीर धरणाच्या पाणथळीत हिवाळ्यात पट्टकदंब हंस आणि कांड्या करकोचे उतरतात. पहाटेपासून दुर्बीण लावून बसलेले पक्षीनिरीक्षक काकांची बुलेट एक किलोमीटरवरून ओळखतात. करकोचे दोन किलोमीटरवरून ओळखतात.

खरा गंमतीचा पट्टा पुढचा. वीरहून नीरेचे दोन कालवे निघतात. डावा १८८०च्या दशकातला, बारामती-इंदापूरकडे जाणारा. उजवा त्यानंतरचा, फलटण-माळशिरसचा. आज या भागात दिसणारा ऊस, गुऱ्हाळं आणि कारखान्यांच्या चिमण्या बऱ्याच अंशी या पाण्यावर उभ्या आहेत. कालव्याच्या कडेने डांबराची अरुंद पट्टी, एका बाजूला भरून वाहणारं पाणी, दुसऱ्या बाजूला डोक्यापेक्षा उंच ऊस. इथे लीड ताशी चाळीसवर येतो, छाती पुढे काढतो आणि कॅमेऱ्यातला लाल दिवा लागलाय ना ते तपासतो. नेमकं तेव्हाच मागून हॉर्न वाजतो. स्प्लेंडर. सत्त्याण्णव सीसीची गाडी, दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन, टाकीवर वैरणीचा भारा, पायात स्लिपर. तो लीडला ओव्हरटेक करून, एका हाताने रामराम घालून निघूनही जातो. हाच रस्ता तो रोज दोनदा तुडवतो आणि त्याला कुणी ब्रीफिंग दिलेलं नसतं.

पुढे चारीच्या दारावर पाटकरी आणि दोन शेतकरी वाद घालत असतात. पाण्याचं आवर्तन सुटलंय, शेजपाळी कुणाची, रात्री कुणी दार उघडलं, असा विषय. लीड थांबतो आणि विचारतो, 'काका, इथे ड्रोन उडवला तर चालेल का?' तिघेही भांडण थांबवून त्याच्याकडे बघतात. त्या चारीवर एकमत होण्याचा तो दुर्मीळ क्षण असावा.

आणि मग काकांची बुलेट पंक्चर होते. लीडच्या पेटीतून अखेर टूलकिट निघतं, पण ते ट्यूबलेस टायरचं, आणि बुलेटला ट्यूब. मघाचा स्प्लेंडरवाला रिकाम्या कॅन घेऊन परत येतो, बुलेटचं चाक कॅनवर आडवं बांधतो आणि फाट्यावर घेऊन जातो. इथे मात्र लीडचं मोठेपण दिसतं. बाकीचे 'पुढे भेटू' म्हणून जेजुरीकडे सटकतात. हा कडक उन्हात, जॅकेटची चेनसुद्धा न उघडता, काकांशेजारी दीड तास बसून राहतो. सोबत आणलेल्या माणसाला घरी पोचवायचं, हा नियम त्याने एकदाही मोडलेला नाही. स्टिकरवरची आठशे फूट उंची त्याला तेवढ्यासाठी माफ करायला हरकत नाही.

संध्याकाळी सासवडच्या अलीकडे रसवंती लागते. पुण्या-मुंबईत रसवंती चालवणारे कितीतरी जण मूळचे याच पुरंदर तालुक्यातले, त्यामुळे इथल्या घुंगरांचा आवाज अस्सल. पाच ग्लास रिचवून लीड मंडळींना शिस्तीचे चार शब्द ऐकवतो आणि पुढच्या रविवारचा मार्ग जाहीर करतो.

हा फेरा वाचकांपैकी कुणाला मारायचा असेल, तर पावसाळा सरल्यावर जावं. मात्र साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ऊसतोड सुरू असते. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर याच रस्त्यांवर असतात आणि अनेकांना मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. अंधार पडायच्या आत जेजुरी गाठावी. आणि मागून दुधाच्या कॅनचा खडखडाट आला, तर निमूटपणे बाजू द्यावी.