मोकळे नाना

जालना-भोकरदन रस्त्यावर राजूरला एसटी थांबते. तिथल्या हॉटेलाच्या बाकावर सकाळी सकाळी एक नाना बसलेले असतात. असे नाना मराठवाड्यात गावोगाव सापडतील, पण राजूरच्यांना जागा जास्त शोभते. टेकडीवर गणपतीच्या साडेतीन पीठांतला राजुरेश्वर, म्हणजे साक्षात लंबोदर, आणि खाली हे त्या एकाच अवयवाचे उपासक. ओळखीचा माणूस दिसला की बाकीचे रामराम घालतात. नाना विचारतात, ‘‘झालं का मोकळं?’’

या प्रश्नाला वय, नातं, प्रसंग कशाचंच बंधन नाही. मुलगी बघायला आलेला नवरदेव गप्प बसला तर इतरांना तो लाजाळू वाटतो, नानांना तुंबलेला. कचेरीतला बाबू खेकसला तर दोष खारी-टोस्टचा. एका घरी सांत्वनाला गेले, पाच मिनिटं मान खाली घालून बसले आणि हळूच विचारलं, ‘‘शेवटी शेवटी ताक बंद केलं व्हतं का?’’

वैताग याचा, की माणसाचं बोलणं खरं असतं. सकाळी उठून कोमट पाणी प्यायचं, काहीतरी पोटात ढकलायचं आणि ठरल्या वेळेला जायचं, हा त्यांचा पहिला नियम. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं हालचाल करू लागतं, आणि सकाळी ती हालचाल जास्त जोरकस असते, हे डॉक्टरही सांगतात. नाना एवढं सांगून थांबत नाहीत. ‘‘आतडं काय सालगडी हाय का तुमचा, कवाबी हाक मारायला?’’ नातू मोबाइल घेऊन संडासात अर्धा अर्धा तास बसतो, त्यावर नानांचं दाराबाहेरून प्रवचन चालतं. मूळव्याध हा शब्द त्यात इतक्यांदा येतो की शेजारची पोरं तो बाराखडीआधी शिकली.

बाकी सगळं घरचंच. ज्वारीची भाकरी, अंबाडी, पाथरीचा पाला, उसळीसाठी रात्री भिजत घातलेली मटकी, जेवणात ताक, जेवणानंतर शतपावली. घास चावून खायचा. इसबगोल घेतला तर वर पेलाभर पाणी, नाहीतर तोच आत गोळा होऊन बसतो. जुलाबाची चूर्णं रोज घेणाऱ्यांवर त्यांचा राग आहे. मात्र रक्त पडतंय किंवा वजन उतरतंय असं कुणी म्हणालं, की नाना सगळं शास्त्र गुंडाळून त्याला पहिल्या गाडीनं जालन्याला डॉक्टरकडे पिटाळतात. हा गुण मोठमोठ्या वैदूंत नसतो.

पुण्याहून मुलानं एकदा आतड्यातल्या चांगल्या जंतूंच्या गोळ्या आणल्या. किंमत वाचून नाना म्हणाले, ‘‘एवढ्यात म्हशीचा हप्ता गेला असता.’’ मग नातवानं सांगितलं, की दह्यातले जंतू आयुष्य वाढवतात असं मेचनिकॉफ नावाच्या रशियन शास्त्रज्ञाचं मत होतं आणि त्याला 1908 साली नोबेलही मिळालं. नोबेल रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामाबद्दल होतं, दह्याबद्दल नव्हे. पण नाना गोष्ट सांगताना एवढं गाळतात.

नानांची खरी कसोटी चतुर्थीला. दिवसभर साबुदाण्याची खिचडी, साबुदाण्याचे वडे, वर चहा. साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, चोथा नावाला. रात्री चंद्र उगवला की मोदकांसह भरल्या ताटावर तुटून पडायचं आणि तसंच आडवं व्हायचं. नानाही उपास धरतात, पण भगर आणि ताकावर. देवाविरुद्ध एक अक्षर काढत नाहीत, साबुदाण्याविरुद्ध काढतात. पंचमीला सकाळी बाकावर जागा मिळत नाही. कालचे सगळे भक्त आज नानांचे.

याच गर्दीत नातवानं आणखी एक काडी टाकली. इंग्लंडातल्या ब्रिस्टल शहरात डॉक्टरांनी केलेला एक तक्ता आहे, 1997 सालचा. त्यात शौचाचे सात प्रकार चित्रांसह दिलेत: एक म्हणजे लेंड्या, चार म्हणजे उत्तम, सात म्हणजे निव्वळ पाणी. नाना तो तक्ता बघतच राहिले. इतकी वर्षं जे हातवारे करून सांगावं लागत होतं, त्याला इंग्रजांनी नंबर दिले होते! आठवड्यात सगळं हॉटेल आकड्यांत बोलू लागलं. चारचौघांत, बायामाणसांसमोर बोलायला केवढी सोय.

मग अंगारकी आली. लोंढेच्या लोंढे दर्शनाला, आणि बाहेरून आलेला बंदोबस्त. एक तरुण हवालदार चहाला टेकला आणि त्याचे कान टवकारले.

‘‘आज काय आलं?’’

‘‘चार.’’

‘‘काल?’’

‘‘दोन व्हता. परवा सहा.’’

हवालदारानं कप खाली ठेवला. ‘‘कोण घेतं इथं आकडा? भर अंगारकीला, देवाच्या दारात मटका?’’

सगळ्यांनी नानांकडे बोट दाखवलं. नानांनी त्याला शेजारी बसवून घेतलं आणि नातवाच्या मोबाइलवर सातही चित्रं दाखवली. हवालदार बराच वेळ तक्ता न्याहाळत राहिला. मग इकडेतिकडे बघून, टोपी नीट करत, हळू आवाजात म्हणाला,

‘‘चार दिवस झाले... एकच.’’

‘‘बंदोबस्ताला पाणी पिता का नाही, साहेब?’’ नाना म्हणाले, आणि पोराला हॉटेलातून ताक आणायला पाठवलं.