सोबतीचा अतिरिक्त कार्यभार

तलाठी रजेवर गेला की त्याच्या सजाचा अतिरिक्त कार्यभार शेजारच्या तलाठ्याकडे जातो. आदेश निघतो, चार्ज दिला-घेतला जातो, कपाटाच्या किल्ल्या मोजून हातात पडतात. सातबारा दोन दिवस उशिरा मिळाल्याने कोणाचं काही अडून बसत नाही, तरी एवढी तजवीज. बाळंतपणाला सोबत जाणाऱ्या माणसाचं पद मात्र हिंजवडीच्या विसाव्या मजल्यावर काय किंवा ताम्हिणीच्या वाडीत काय, बदली माणसाची सोय न करताच भरलेलं असतं. नववा महिना लागला, दिवस भरत आले, आणि नेमक्या त्याच आठवड्यात नवरोबा किंवा आईसाहेब तापाने फणफणल्या, तर काय करायचं? सदर मार्गदर्शन अशा आजाऱ्यांसाठी आहे. त्यातली मुख्य सूचना एकच: कार्यभार सोपवा.

प्रथम आजाराची प्रतवारी करावी. बायकोच्या पोटाबरोबर नवऱ्याचंही पोट बिघडणं, कंबर धरणं, मळमळणं हे प्रकार जुने आहेत. टायलर या मानववंशशास्त्रज्ञाने 1865 साली अशा बापांच्या बाळंतपणाला ‘कूव्हाद’ हे नावच दिलं, आणि आपल्या महाभारतातला युवनाश्व राजा तर त्याही पुढे जाऊन मांधात्याला स्वतःच्या कुशीतून जन्म देऊन मोकळा झाला. या वर्गातल्या आजाऱ्याला रजा मंजूर नाही. त्याने ओवा खाऊन हजर व्हावं. डेंगीची गोष्ट वेगळी. तो डासामार्फत पसरतो, शेजारी बसल्याने नाही. पण अशा रुग्णाला स्वतःलाच धरून उभं करावं लागतं, म्हणजे सोबतीला सोबत आली. खरी अडचण फ्लू, डांग्या खोकला, कांजिण्या, जुलाब, आलेले डोळे यांची. कांजिण्या तर अंगावर फोड दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच लागू शकतात. इथे आपला राष्ट्रीय गुण आडवा येतो: आजार अंगावर काढणे. तापाची गोळी घेतली, अंग गार लागलं, चला दवाखान्यात! गोळीने ताप उतरतो, खोकल्यातून उडणारे जंतू उतरत नाहीत. मोठ्या माणसाला दोन दिवस लोळवणारा फ्लू तान्ह्या बाळाला फार जड जाऊ शकतो.

यावर आक्षेप येतो की, नवराच हवा, नाहीतर आईच हवी, परकं माणूस काय कामाचं? पुरावा तसं म्हणत नाही. 17 देशांतल्या 26 चाचण्यांचा, 15 हजारांहून अधिक बायकांचा आढावा 2017 साली वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने प्रसिद्ध केला. कळांच्या वेळी सतत कोणीतरी जवळ असलं, तर कळा काहीशा कमी काळ चालतात आणि सिझेरियनचं प्रमाणही कमी दिसतं, असं त्यात आढळलं. हे ‘कोणीतरी’ कुठे घरचं होतं, कुठे दवाखान्यातलं, कुठे त्याच कामासाठी शिकलेलं. केंद्र सरकारने 2016 मध्ये सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबतीला परवानगी दिली, तेव्हाही आईच हवी असं न म्हणता अटी घातल्या: नात्यातली बाई, शक्यतो जिने स्वतः बाळंतपण अनुभवलंय अशी, संसर्गजन्य रोग नसलेली, स्वच्छ कपड्यातली, शेवटपर्यंत थांबणारी, कर्मचाऱ्यांच्या कामात लुडबूड न करणारी. म्हणजे जाऊ चालते, मावशी चालते. शिंकणारा नवरा बसत नाही.

दुसरा आक्षेप आजीबाईंचा: आधीच असलं अभद्र कशाला बोलायचं? बोलायचं, कारण आपल्या मुळशी तालुक्यात ऐनवेळी माणूस बोलावणं सोपं नाही. जुलै 2024 मध्ये ताम्हिणीत 24 तासांत 500 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. अशा रात्री घाटाखालून कोणती मावशी येणार? टाटांच्या धरणाच्या पाण्याने खोरं अडलं, तेव्हापासून काठावरच्या कित्येक गावांना समोर दिसणारं गावही वळसा घालून गाठावं लागतं. हिंजवडीत पाणी अडवत नाही, संध्याकाळचं ट्रॅफिक अडवतं, फळ तेच. म्हणून आठव्या महिन्यातच दुसऱ्या सोबतिणीचं नाव ठरवावं, आणि तिला ते सांगावंसुद्धा. ही शेवटची पायरी अनेक घरांत राहून जाते. आशाताईंना दोन्ही सोबत्यांचे नंबर द्यावेत. 102 आणि 108 भिंतीवर ठळक लिहावेत.

चार्ज देताना बॅग उघडून दाखवावी: वरच्या कप्प्यात माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीची फाइल, रक्तगटाचा कागद, आधार कार्ड, बँकेचं पासबुक, खाली आजीच्या जुन्या सुती नऊवारीची फाडून, धुऊन, उन्हात वाळवलेली दुपटी, दोन टोपडी आणि मोबाइलचा चार्जर. ‘पेशंटसोबत कोण आहे?’ असं सिस्टरने विचारलं की नवीन सोबतिणीने ‘मी’ म्हणायचं, ‘त्यांना ताप आहे म्हणून...’ अशी सुरुवात करायची नाही.

कार्यभार सोपवलेल्या आजाऱ्याने मास्क लावून वेगळ्या खोलीत पडावं, दर पाच मिनिटांनी फोन करू नये आणि आता संसर्ग पसरणार नाही असं डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय दवाखान्याकडे फिरकू नये. तेवढ्या काळात त्याने पेढ्यांची ऑर्डर द्यावी. तो खर्च अतिरिक्त कार्यभारात धरलेला नाही.