मायनस पस्तीस

होम थिएटरच्या रिसीव्हरविषयी त्याच्या मालकाने दिलेले मत हे यंत्राविषयीचे मत असते, असे गृहीत धरून या विषयाच्या अभ्यासाला हात घालणाऱ्याची पहिल्याच मुलाखतीत फसगत होते. ज्याच्या पाठीत टीव्हीच्या, सेटटॉप बॉक्सच्या आणि प्लेअरच्या सगळ्या वायरी खुपसल्या जातात, जो आत आलेल्या आवाजाची फोड करून तो पाच, सात किंवा त्याहून अधिक स्पीकरांत वाटून देतो आणि वाटण्यापूर्वी त्याची ताकदही वाढवतो, असा आठ-दहा किलो वजनाचा काळा पेटारा म्हणजे रिसीव्हर. ठाणे ते कल्याण या पट्ट्यात त्याचा मालक बहुधा चाळिशी ओलांडलेला आणि गृहकर्ज फेडत आलेला पुरुष असतो, आणि यंत्राची किंमत घरात सांगितलेली एक व दुकानात दिलेली दुसरी अशा दोन आकड्यांत नांदत असल्यामुळे त्याच्या मताला आरोपीच्या कैफियतीचे स्वरूप आपोआप येते. प्रस्तुत लेखक स्वतः याच वर्गातला असल्याने त्याने अशा कैफियती सहानुभूतीने ऐकल्या आहेत, आणि स्वतःची तर कोणी न विचारताही अनेकांना ऐकवली आहे.

कैफियतीची सुरुवात वॅटपासून होते. १९९० च्या दशकात प्लास्टिकच्या म्युझिक सिस्टिमवर हजारो वॅटचा पीएमपीओ, म्हणजे यंत्राने क्षणभर जीव तोडला तर किती शक्ती निघेल याविषयी विक्रेत्याने केलेली कल्पना, ठळक अक्षरांत छापलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना रिसीव्हरच्या खोक्यावरचा ‘दर चॅनेलला ८० वॅट’ हा मजकूर सात्त्विक वाटतो. चॅनेल म्हणजे एकेका स्पीकरकडे जाणारा स्वतंत्र आवाज. वास्तविक साध्या स्पीकरला एक वॅट दिला तरी एक मीटर अंतरावर ८८ डेसिबलच्या आसपास आवाज निघतो, त्यामुळे दहा बाय बाराच्या हॉलमध्ये चित्रपट पाहणारा मालक बहुतेक वेळ एखाद्या वॅटवरच भागवत असतो आणि उरलेले ७९ नुसते बाळगून असतो. मात्र बाळगण्याचे समाधान वापरण्याच्या समाधानाहून कमी असते, असे मानण्यास या भागात तरी कोणताही आधार सापडत नाही.

याहून सूक्ष्म अभिमान आवाजाच्या पट्टीत दडलेला असतो. अशा यंत्रावर शून्य हा आकडा शांततेचा नसतो. चित्रपटाचे ध्वनिमिश्रण ज्या पातळीवर ऐकून केले जाते, जिच्यात एकेका चॅनेलचा कडकडाट १०५ डेसिबलपर्यंत चढू शकतो, ती पातळी म्हणजे शून्य, आणि त्याखालचे सगळे संसारी आवाज उणे चिन्हाने दाखवले जातात. साहजिकच फलाटावर उभे राहून ‘काल मायनस अठ्ठावीसला लावला होता’ असे सांगणारा गृहस्थ मायनस पस्तिशीत अडकलेल्या सहप्रवाशाकडे किंचित करुणेने पाहतो. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये निवासी क्षेत्राची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबल आहे. हा हिशेब चार भिंतींच्या आत लावायचाच म्हटले, तर रात्रीचा चित्रपट मायनस साठवर पाहावा लागेल, आणि मायनस साठवर डोक्यावरचा पंखा तेवढा स्पष्ट ऐकू येतो. ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली उत्सवांतील ध्वनिक्षेपकांबाबत दिलेल्या निकालाचा रिसीव्हरधारक वर्ग हिरिरीने पुरस्कार करतो, कारण तो निकाल दुसऱ्यांविषयी आहे याबद्दल त्याच्या मनात शंका नसते.

कंपन्यांविषयीची मते मौखिक परंपरेने चालत आलेली आहेत. यामाहाचा आवाज ‘ब्राइट’, म्हणजे तार स्वरांकडे झुकलेला, आणि डेनॉनचा ‘वॉर्म’, म्हणजे खर्जाकडे कललेला व कानाला ऊब देणारा, हा सिद्धान्त ज्याने दोन्ही यंत्रे शेजारी ठेवून कधीच ऐकलेली नाहीत तोच अधिक ठामपणे मांडतो. वयाबरोबर माणसाच्या कानाला सर्वांत वरच्या पट्टीतले सूर ऐकू येईनासे होतात, ही वैद्यकशास्त्रातली जुनी गोष्ट आहे. तरीही त्याच पट्टीतल्या झिलईवरून सर्वांत कडाक्याचे वाद पन्नाशी उलटलेल्यांतच होतात. ओन्कयोची घरगुती यंत्रे बनवणारी जपानी कंपनी मे २०२२ मध्ये दिवाळखोरीत निघाल्यापासून जुन्या ओन्कयोच्या मालकाच्या बोलण्यात संस्थान खालसा झालेल्या राजाचा भारदस्तपणा आला आहे, आणि त्याच्याशी वाद घालणे आता सभ्यपणाचे मानले जात नाही.

यामाहाच्या मालकाजवळ मात्र इतिहास आहे, आणि विषयांतराचा दोष पत्करूनही तो येथे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण प्रस्तुत लेखकाकडे यामाहाच आहे. तोराकुसू यामाहा हा वैद्यकीय उपकरणांची दुरुस्ती करणारा कारागीर होता. १८८७ साली हामामात्सू गावातल्या एका प्राथमिक शाळेचा रीड ऑर्गन बिघडला आणि तो दुरुस्त करण्यासाठी त्याला बोलावणे आले. रीड ऑर्गन म्हणजे पायाने भाता हलवून धातूच्या पट्ट्यांवर हवा सोडणारे, आपल्या पायपेटीच्या कुळातले वाद्य, ज्याच्या साथीवर मराठी संगीत नाटकाच्या कित्येक पिढ्या गायल्या आणि ज्याचा पहिला सूर लागताच थिएटरातली कुजबुज थांबत असे. ऑर्गन उघडून पाहिल्यावर असा आपणही करू शकू असे यामाहाला वाटले, जे अशा वेळी प्रत्येक कारागिराला वाटते. फरक इतकाच, की त्याने तो खरोखर केला. मग तो ऑर्गन बांबूला टांगून, एका सोबत्याच्या मदतीने खांद्यावर वाहत, हाकोनेचा डोंगर ओलांडून सुमारे अडीचशे किलोमीटर दूर तोक्योच्या संगीतसंस्थेत तपासणीसाठी नेला. तेथील जाणकारांनी घडण वाखाणली आणि सूर लागलेले नाहीत असा अभिप्राय दिला. यामाहा रागावला नाही, संस्थेच्या हेतूंविषयी त्याने शंका घेतली नाही, आधी तुमचे कान तपासा असेही तो म्हणाला नाही. महिनाभर तेथेच राहून तो स्वरशास्त्र शिकला, परत जाऊन त्याने दुसरा ऑर्गन बांधला, आणि तो मान्य झाला. आजही कंपनीच्या मुद्रेवर तीन नादकाटे, म्हणजे वाद्य सुरात लावण्यासाठी ठोकून वाजवायचे दुबेळके पोलादी चिमटे, एकमेकांत गुंफलेले दिसतात. प्रतिकूल अभिप्राय निमूटपणे स्वीकारला गेल्याची या क्षेत्रातली ही बहुधा एकमेव नोंद असावी. यामाहाच्या मालकांनी त्या परंपरेपैकी फक्त ओझे वाहण्याचा भाग पुढे चालवला आहे.

कारण डोंबिवलीचा खरा रिसीव्हरधारक यंत्र घरपोच मागवत नाही. ते लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरून, स्वतः आणावे लागते. ग्रँट रोडला गाडीत शिरून, दादरला उतरून, संध्याकाळी सहाच्या सुमारास खोके छातीशी धरून पूल ओलांडून मध्य रेल्वेच्या फलाटावर यावे लागते, आणि खोक्यावरचा बाण आकाशाकडेच राहील याची काळजी घेत मालडब्यात मासळीच्या पाट्यांशेजारी डोंबिवलीपर्यंतचे भवितव्य सोपवावे लागते. हाकोनेची चढण निःसंशय खडतर असणार, परंतु तिच्यावर मागून कोणी ‘पुढे सरका ना काका’ म्हणत नव्हते. तेच खोके तेवढ्याच किमतीत दारात येऊन पडले असते हे प्रत्येक मालक जाणतो. पण दारात आलेल्या यंत्राविषयी मत देता येते, पोवाडा गाता येत नाही.

घरी आल्यावर यंत्राची गाठ भौतिकशास्त्राशी पडते. सबवूफर, म्हणजे केवळ खर्जासाठी राखून ठेवलेला घनाकृती स्पीकर, ज्यावर पुढे मनीप्लांट ठेवला जातो, वीस हर्ट्झपर्यंतचा आवाज काढू पाहतो. त्या आवाजाची एकेक लाट सतरा मीटर लांब असते आणि हॉलची लांबी बारा फूट. परिणामी सत्तेचाळीस हर्ट्झच्या आसपासचा खर्ज भिंतींवर आपटून स्वतःशीच झोंबू लागतो आणि खोलीत कोठे दुप्पट होतो, तर कोठे नाहीसा. सोफ्याच्या एका टोकाला गडगडाट आणि मधोमध सामसूम, असा चमत्कार घडतो. सगळे आवाज जेथे नीट जुळतात अशी जागा घरात एकच असते. पाहुणा नेमका तेथेच बसतो, यजमानाला त्याला उठवता येत नाही, आणि त्या जागेसाठी पदरमोड करून आणलेल्या यंत्राकडे पाठ फिरवून पाहुणा मोबाइल पाहत राहतो. उरलेला खर्ज चार इंची विटांची भिंत आणि लादी यांना न जुमानता शेजाऱ्यांकडे जातो. ‘काय हो, तुमच्याकडे रात्री गिरणी असते का?’ असे खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी जिन्यात विचारले, तर त्यात तक्रारीपेक्षा दळण टाकता येईल का ही चौकशी अधिक होती, असे मानून चालणे सोयीचे असते.

या सगळ्या गोंधळावर यंत्राजवळच एक उपाय असतो, आणि त्या उपायापाशी या भागातल्या प्रत्येक मालकाचा आवाज उतरतो. रिसीव्हरबरोबर एक छोटा मायक्रोफोन येतो. तो सोफ्यावर कानाच्या उंचीला ठेवला, की यंत्र एकेका स्पीकरमधून चढते सूर सोडते, खोलीने त्यांचे काय केले ते ऐकते आणि त्याप्रमाणे स्वतःला दुरुस्त करून घेते. त्याची एकच अट असते : मोजणी चालू असताना पूर्ण शांतता हवी. मग मे महिन्यात पंखा बंद केला जातो, कुटुंबाला आतल्या खोलीत श्वास आवरून बसवले जाते, आणि पाचव्या सुराला बाहेरच्या भंगारवाल्याचा ध्वनिमुद्रित पुकारा, ग्रिलवरचे कबूतर, सोसायटीचा पंप, शेजारच्या कुकरची शिटी किंवा कोपरकडून येणाऱ्या जलद गाडीचा भोंगा यांपैकी कोणी तरी हजेरी लावते. यंत्र थांबते आणि पडद्यावर ‘नॉइझी’ एवढा शेरा मारते. रात्री करावे तर शेवटची लोकल गेल्यावर मालगाड्या सुरू होतात. ज्याच्या नावाचे चिन्ह या प्रत्येक यंत्रावर असते तो रे डॉल्बी १९६३ ते १९६५ युनेस्कोचा सल्लागार म्हणून भारतात राहिला होता, आणि येथून गेल्याबरोबर लंडनमध्ये प्रयोगशाळा काढून त्याने पहिले काम हाती घेतले ते नको असलेला आवाज काढून टाकण्याचे, यात नवल वाटण्यासारखे काही नाही. त्याच माणसाचे नाव महाराष्ट्राने पुढे मिरवणुकीतल्या स्पीकरांच्या भिंतीला दिले, हेही आपल्या स्वभावाला धरूनच झाले.

शांतता मिळाली ती एकदाच. २३ मार्च २०२० पासून उपनगरी गाड्या थांबल्या, आणि ज्या गावाची सगळी घड्याळे लोकलवर चालत ते डोंबिवली दिवसाढवळ्या गप्प झाले. प्रस्तुत लेखकाने त्या दिवसांत एका दुपारी मायक्रोफोन सोफ्यावर ठेवला. यंत्राने सगळे सूर अडथळ्याविना मोजले आणि कोणताही शेरा न मारता काम संपवले. वर्षानुवर्षे ज्यासाठी दारे-खिडक्या लावून घेतल्या होत्या ते मिळाले होते, आणि मिळाल्यावर खिडकी उघडून कोणी तरी भांडावे, एखादी गाडी जावी, निदान भंगारवाल्याने ओरडावे असे वाटत होते. संध्याकाळी येत असे ती रुग्णवाहिका, आणि ती कोणत्या इमारतीपाशी थांबते ते कान देऊन ऐकले जाई. त्या दुपारची मोजणी यंत्राच्या स्मृतीत अजून आहे. सध्याचा सोफा वेगळा आहे, पडदे वेगळे आहेत, शास्त्राप्रमाणे ती केव्हाच बाद झाली असून नवी घेतली पाहिजे. ती घेतली जात नाही, आणि कारण विचारल्यास बाहेरच्या गोंगाटाकडे बोट दाखवले जाते.

शास्त्रातली आणखी एक तडजोड मात्र उघडपणे केलेली आहे. पाच स्पीकरांच्या मांडणीत संवाद मुख्यतः मधल्या, टीव्हीखालच्या स्पीकरमधून येतात, आणि यंत्राने मोजून ठरवलेल्या प्रमाणात ते स्फोटांच्या मानाने हळू असतात, कारण जगातही ते तसेच असतात. घरातल्या पंचाहत्तरीच्या आईंनी यावर दिलेला अभिप्राय असा : ‘गाडी फुटलेली कळते रे, पण ती का फुटली ते कळत नाही.’ त्यानंतर मधला स्पीकर तीन डेसिबलने वाढवण्यात आला. कर्मठ मालकांच्या दृष्टीने हा मोजणीचा भंग आहे, आणि गावातल्या बहुतेक कर्मठांच्या घरी तो झालेला आहे. इतके करूनही मुलगा कामावर गेला, की आई रिसीव्हर बंद करतात, टीव्हीच्या मुळातल्या दोन बारीक स्पीकरांवर मालिका लावतात आणि सगळे लख्ख ऐकू येते म्हणून सुनेला सांगतात. फ्लॅट त्यांच्या नावावर असला, तरी रिसीव्हर त्यांच्या नावावर नसल्याने त्यांचे हे मत मालकांच्या मतांत धरलेले नाही.