पुन्हा सांगणारे सर

गणिताच्या तासाला ‘समजलं का?’ या प्रश्नाचं एकच उत्तर असतं: ‘होऽऽ!’ जितकं कमी समजलेलं, तितकं ते जोरात येतं. सर मात्र मुरलेले असतात. कुठल्या बाकावरचा ‘हो’ पोकळ आहे हे त्यांना ऐकूनच कळतं, आणि खडू नेमका तिकडेच रोखला जातो. व्हिडिओतले सरही ‘समजलं ना?’ विचारतात, पण क्षणभर थांबून आपणच समाधानी होतात आणि पुढे जातात.

तरी त्यांचा एक गुण मानायलाच हवा. ते चिडत नाहीत. सलमान खान (सिनेमातले नव्हेत, खान अकॅडमीचे) 2004 साली अमेरिकेत नात्यातल्या एका बहिणीला दुरूनच मापांची रूपांतरं शिकवत होते. पुढे धडे यूट्यूबवर टाकले, तर भावंडं म्हणाली, तू प्रत्यक्षापेक्षा इथेच बरा! खरंच आहे. चौथ्यांदा ‘परत सांगा’ म्हणायला माणसासमोर जीव जातो, पडद्यासमोर नुसतं बोट पुरतं. बालचित्रवाणीचे कार्यक्रम दूरदर्शनवर लागत तेव्हा ही चैन नव्हती. शिंक आली की उदाहरणातली एक पायरी गेलीच. आता पाठ्यपुस्तकातच क्यूआर कोड असतो. परितेवाडीच्या डिसले गुरुजींनी ही वाट दाखवली, आणि घराघरांतल्या मुलांना आईचा फोन मागायला सरकारमान्य कारण मिळालं. त्रैराशिकावर सुरू झालेला फोन क्रिकेटवर कसा पोचतो, हे कोडं मात्र कुठल्याच पुस्तकात नाही.

अपूर्णांकांच्या भागाकारात व्हिडिओला तोड नाही. तीनला अर्ध्याने भागलं तर सहा? भागल्यावर वाढतं कसं? आम्ही ‘उलटा करून गुणा’ म्हणत निमूट पुढे गेलो. पडद्यावर तीन भाकऱ्या मधोमध तुटतात, सहा तुकडे समोर दिसतात, संपलं.

खरी गंमत तीनला दोन तृतीयांशाने भागताना होते. चार वाटे निघतात आणि भाकरीचा एक तृतीयांश तुकडा उरतो. म्हणजे उत्तर चार पूर्णांक एक तृतीयांश, असं अर्धा वर्ग छातीठोकपणे सांगतो. व्हिडिओ ‘साडेचार’ म्हणून मोकळा होतो. हुशार बाई त्याआधीच तो थांबवतात आणि विचारतात, ‘तुकडा भाकरीचा तिसरा भाग, कबूल. पण वाट्याचा कितवा?’ मग जे भांडण पेटतं, त्यात सहा मिनिटांच्या व्हिडिओला दोन तास लागतात, आणि त्या वर्गाचा अभ्यासक्रम मागे पडल्याची नोंद होते.